प्रीमेडसाठी कॉलेज: रटगर्स की बॉस्टनचं महागडं प्रायव्हेट?

एडिसनची_आई
लोकहो, १ मे पर्यंत डिपॉझिट भरायचंय आणि घरात रोज जेवताना हाच विषय, आता पोळी घशाखाली उतरेना म्हणून इथे विचारतेय. लेक बारावीला, डॉक्टरच व्हायचंय म्हणते. रटगर्स (आमच्या न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी) न्यू ब्रन्सविकला ऑनर्स कॉलेज मिळालंय, स्कॉलरशिप वजा जाता राहणं-जेवण धरून वर्षाला २४ हजार पडतात. दुसरं बॉस्टनचं एक प्रायव्हेट, नाव घेत नाही, तिथे एका डॉलरची मदत नाही, ९० हजारांच्या वर. टीसीएनजेच्या (कॉलेज ऑफ न्यू जर्सी) सात वर्षांच्या बीएस-एमडीचं, म्हणजे कॉलेज आणि मेडिकल एकत्रच, ते नाही जमलं, त्याचं रडून झालंय. तिला बॉस्टनच हवंय, तिथे हॉस्पिटलं किती आहेत बघ म्हणते. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारतात, डॉक्टर व्हायला आधी चार वर्षं भलतंच काहीतरी शिकायचं ही कुठली पद्धत? आणि खरं सांगू का, मलाही नीट कळलेलं नाही, प्रीमेड अशी वेगळी ॲडमिशन कुठेच दिसली नाही, तिने फॉर्मवर बायोलॉजी टाकलंय. चाललं ना?

ओकेम_पीडित
ताई, चाललं. प्रीमेड ही डिग्री नाहीच, नुसता एक रस्ता आहे. बायो, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, फिजिक्स हे लॅबसकट, शिवाय बायोकेम, थोडं इंग्लिश, स्टॅट्स आणि सायकॉलॉजी, एवढं केलं की मेजर संगीत असलं तरी मेडिकल स्कूलला चालतं. मी स्वतः मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, माझ्या वर्गात इतिहासवाला पण आहे. ॲडमिशन मिळालेल्या मुलांचा सरासरी जीपीए (कॉलेजच्या मार्कांची सरासरी, ४ पैकी) ३.८ च्या आसपास आणि एमकॅट ५११-५१२ असतो (मेडिकलची प्रवेश परीक्षा, ५२८ पैकी, साडेसात तासांची आहे, डबा घेऊन जावा लागतो), आणि एवढं असूनही दरवर्षी निम्म्याहून जास्त मुलांना कुठेच मिळत नाही. तेव्हा कॉलेजच्या नावापेक्षा मार्क कुठे टिकतील ते बघा. माझ्या ऑर्गॅनिकच्या पहिल्या मिडटर्मला वर्गाची सरासरी ४७ होती, मला ३९, बाथरूममध्ये बसून आईला फोन केला होता की मी आता अकाउंटिंग करते म्हणून. हे रटगर्सलाही होणार आणि बॉस्टनलाही. एक सांगते, एपी (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय) केमिस्ट्रीत ५ पैकी ५ आहेत म्हणून तो विषय सोडू देऊ नका, काही मेडिकल स्कूल एपीचं क्रेडिट धरत नाहीत, मग वरचा कोर्स घ्यावा लागतो.

घाटावरचा_बाप
आम्ही हाच घोळ घातलाय म्हणून लिहितो. मुलाला नावाजलेल्या प्रायव्हेटला घातलं, कुठलं ते सोडा. टूरवर कॉलेज दाखवणारी पोरगी उलटी चालत चालत सांगत होती की आमची ९० टक्क्यांवर मुलं मेडिकलला लागतात, आम्ही पालक खूश, फोटोबिटो काढले. तिसऱ्या वर्षी कळलं की तिथे कॉलेजच्याच प्री-हेल्थ कमिटीचं शिफारसपत्र लागतं आणि जीपीए ३.५ च्या खाली गेला की कमिटी पत्रच देत नाही, म्हणजे कच्ची पोरं आधीच चाळून टाकायची आणि उरलेल्यांवर टक्केवारी काढायची! आमचा ३.४ वर अडकला. पत्राशिवाय अर्ज करता येतो, पण मग मेडिकल स्कूल विचारतं, कॉलेजात कमिटी असून पत्र का नाही? शेवटी दोन वर्षं ॲम्ब्युलन्सवर ईएमटी म्हणून काम केलं, एक वर्ष मास्टर्स केलं, आता डीओला (एमडीसारखीच डॉक्टरकीची दुसरी डिग्री) लागलाय, मजेत आहे. पण चार वर्षांचे साडेतीन लाख गेले ते गेलेच. आणि पुढचं लोनही आता पूर्वीसारखं राहिलं नाही, १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी लोन बंद, मेडिकलला सरकारी लोन वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाखांपर्यंतच, वरचं तुम्ही बघा. आता वाचवाल ते तिथे कामी येईल.

सदाशिव_पेठी
एवढ्या पैशात इकडे पाठवा की, नीट द्यायची, साडेपाच वर्षांत एमबीबीएस होऊन मोकळी. आजीचाही जीव रमेल.

ओकेम_पीडित
काका, ती इथली सिटिझन असेल तर ओसीआय (भारतीय वंशाची परदेशी नागरिक) म्हणून तिकडे बहुधा एनआरआयच्याच जागा मिळणार, त्या काही स्वस्त नाहीत. आणि परत यायचं झालं तर यूएसएमएलई ही इथली डॉक्टरी लायसन्सची परीक्षा, मग रेसिडेन्सीच्या (हॉस्पिटलातल्या ट्रेनिंगच्या) जागा वाटणाऱ्या मॅचमध्ये फॉरेन ग्रॅज्युएटच्या रांगेत. आजीला उन्हाळ्यात भेटेल ती.

लाँगवुडची_वहिनी
मी थोडं उलट बोलते. बॉस्टनला लाँगवुडमध्ये एका लॅबमध्ये काम करते, बाहेर पडलं की ब्रिगम, चिल्ड्रन्स, बेथ इस्रायल, डॅना-फार्बर ही सगळी हॉस्पिटलं चालत दहा मिनिटांत. सेमिस्टर चालू असताना आठवड्यात दोनदा ट्रामने येऊन काम करणारी पोरं आमच्याकडे आहेत आणि त्याचा फायदा होतो, नाही असं नाही. पण त्यासाठी वर्षाला ६६ हजार जास्तीचे? न्यू ब्रन्सविकला रॉबर्ट वुड जॉन्सन आणि सेंट पीटर्स दोन्ही हॉस्पिटलं आहेत, रटगर्सचं स्वतःचं मेडिकल स्कूल पण. उन्हाळ्यात दोन महिने येऊ दे इकडे, हौस फिटेल. एक विचारते, राग मानू नका, तुम्ही सिटिझन किंवा ग्रीन कार्डवर आहात ना? माझ्या मैत्रिणीची मुलगी एच-४ वर (आईबापाच्या व्हिसावर) होती, २१ ला वयाने त्यातून बाहेर पडून एफ-१ या स्टुडंट व्हिसावर आली आणि बऱ्याच मेडिकल स्कूलनी अर्जच घेतला नाही. ते असेल तर सगळं गणितच वेगळं.

एडिसनची_आई
वहिनी, राग कसला, लेक इथेच जन्मली, तो प्रश्न नाही. घाटावरच्या बापांची पोस्ट लेकीला मोठ्याने वाचून दाखवली, आधी डोळे फिरवले, मग म्हणाली ३.५ चं बॉस्टनच्या कॉलेजला विचारते. स्वतःच मेल लिहिला तिने, की कमिटी पत्र किती मुलांना नाकारता आणि पहिल्या वर्षी प्रीमेड म्हणून आलेल्यांपैकी शेवटी अर्ज किती जण करतात. चार दिवसांनी उत्तर आलं. ब्रोशरची पीडीएफ, त्यात तीच टक्केवारी, मोठ्या अक्षरात. रविवारी परत न्यू ब्रन्सविकला चाललोय, या वेळी टूर नको म्हणते, हॉस्टेल आणि जेवण बघायचंय.