स्वेटर अंगावरून काढत नाही म्हणजे मूल हट्टी?

गोदाकाठची आई

परवा इथे पंचवटीकरांनी एका चित्रपुस्तकावर लिहिलं. चार वर्षांची मुलगी, तिचा पिवळा स्वेटर. शाळेत, जेवताना, झोपताना तो अंगातच. आई रात्री ती झोपल्यावर हळूच काढून धुते आणि सकाळी मुलगी गच्चीत दोरीखाली उभी राहून तो वाळायची वाट बघते. पुढे बाह्या मनगटाच्या वर सरकतात, आणि एक दिवस ती स्वतःच त्याची घडी घालून उशाखाली ठेवते. एवढीच गोष्ट. पंचवटीकरांचं म्हणणं असं की बत्तीस पानं खर्चून मुलांना हट्ट शिकवलाय, आई नुसती बघत बसते, असली पुस्तकं घरात आणूच नयेत.

दोन दिवस ते मनातून जाईना, म्हणून लिहितेय. आई बघत बसलेली नाही. दोरीचं पान पुन्हा उघडा. त्या पानावर एकही शब्द नाही. स्वेटरच्या कडेला पाण्याचा थेंब लोंबतोय, पोरीची मान वर, आणि मागे दारात आई हातात दुसरा स्वेटर घेऊन थांबलीय. तो ती पोरीला घालत नाही, नुसती थांबते. माझ्या मुलाने त्या पानावर बोट ठेवून विचारलं, "आई, त्याला थंडी वाजत असेल ना?" त्याला म्हणजे स्वेटरला.

हाच मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत आजीच्या लुगड्याच्या दुपट्याशिवाय झोपला नाही. कोपरा चोखून चोखून त्याचं सूत निघालं होतं. एकदा पाहुणे यायचे म्हणून मी ते गरम पाण्यात, साबणात घालून चांगलं खळबळून धुतलं. त्याने तोंडाशी नेलं, हुंगलं आणि लांब फेकलं. "हे माझं नाही" म्हणाला. रात्री दोनपर्यंत रडत होता. डोनाल्ड विनिकॉट नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५१ मध्ये नेमकं यावरच मांडलं होतं. आया ती वस्तू मळू देतात, तिला वास येऊ देतात, कारण धुतली की बाळाच्या अनुभवात खंड पडतो हे त्यांना ठाऊक असतं. मला नव्हतं. हट्ट वेगळा आणि हे वेगळं.

पंचवटीकर

माझ्याच नावाने धागा काढलात, तर उत्तर देणं भाग आहे. इंग्लंडच्या डॉक्टरांचं राहू द्या. आमच्याकडे नळाला पाणी पाऊण तास येतं आणि सात वाजता शाळेची व्हॅन दारात असते. माझ्या धाकटीने मे महिन्यात एकच जाड फ्रॉक आठ दिवस काढू दिला नाही. सगळी पाठ घामोळ्यांनी भरली. डॉक्टरांनी कोणाला झापलं? मला आणि बायकोला. पुस्तकात उकाडा नाही, घाम नाही, व्हॅनचा हॉर्न नाही. प्रेम आम्हालाही कळतं. पण मुलांना ‘नाही’ ऐकायची सवय कुणी लावायची?

गोदाकाठची आई

घामोळं आलं तर काढायलाच हवा, त्यावर वादच नाही. कसा काढला, हे विचारतेय मी.

पंचवटीकर

ओढून काढला. आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

निफाडची माय

तुम्ही दोघं शहरात बसून बोलताय. आमच्याकडे आवडता कपडा म्हणजे असलेला कपडा. दोन फ्रॉक, एक अंगात, एक दोरीवर. थंडीत पारा पाच-सहावर यायचा, तेव्हा त्यावर मोठ्या भावाचा शर्ट. आणि जन्मल्या बाळाला पहिलं झबलं कुणाचं तरी वापरलेलंच घालतात, नवं नाही. कारण जुनं मऊ असतं. म्हणजे कपडा एकट्याचा नसतोच, हे आपल्याकडे पहिल्या दिवसापासून.

तरीही पुस्तक मला लागलं. माझा एक जांभळा फ्रॉक होता, पुढे मोठा खिसा. खिशात बोरं भरून शाळेत जायचे. तिसरीत असताना एक दिवस घरी आले तर दोरीवर नाही, पेटीत नाही. आईने बोहारणीला दिला होता. दोन लुगडी, बाबांची एक पॅण्ट आणि माझा फ्रॉक. बदल्यात चहाचं गाळणं. ते गाळणं अजून माहेरी आहे. चहा गाळताना मी आजही त्याच्याकडे बघत नाही.

जुनं नाशिक

बोहारणीचा यात काय दोष? एकेकीला डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन उन्हात गल्लीगल्ली फिरताना बघितलंय मी. साडी उजेडात धरून कुठे विरलीय ते बघणार, मग घासाघीस, मग एक पातेलं. तो कपडा पुढे बाजारात दुरुस्त होऊन कुणाच्या तरी अंगावर जायचा. आता तुम्ही काय करता? घंटागाडीत टाकता. आणि मुळात फ्रॉक बोहारणीला द्यायचाच कशाला? गोधडीत घालायचा. माझ्या आजीच्या गोधडीत माझं टोपडं आहे, मी आजही दाखवू शकतो. तो खरा उपाय आहे आणि त्यावर पुस्तक निघायला हवं.

सिडको सासूबाई

गोधडीचे उमाळे काढणाऱ्या पुरुषांपैकी सुई कितीजणांनी धरलीय? पाच-सहा थर एकावर एक अंथरायचे, ताणून टाचायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. पंधरा दुपारी जातात. बोटाला भोकं पडतात. तुम्हाला टोपडं दिसतं, मला माझ्या आईचं मानेचं दुखणं दिसतं.

जुनं नाशिक

मी उमाळे काढत नाहीये. परंपरा टिकावी एवढंच म्हणतोय. त्यात चिडण्यासारखं काय आहे?

सिडको सासूबाई

टिकवा ना. या रविवारी दोरा ओवा. आणि आजच्या कपड्यांची गोधडी होत नाही हेही ऐका. सुती लुगडं घाम शोषतं, धुवावं तितकं मऊ पडतं. पॉलिस्टरचा थर सुईखाली सरकतो आणि अंगावर घेतला की चिकटतो. पोराच्या आवडीचा कार्टूनवाला टी-शर्ट गोधडीत घालून बघा, छाप पहिल्याच धुण्यात सालपटासारखा सुटतो.

निफाडची माय

नुसतं ‘गोधडी’ म्हणू नका, आमच्याकडे वाकळ म्हणतात. आणि माझा प्रश्न बोहारणीचा नव्हता की वाकळीचाही नव्हता. मला विचारलं नव्हतं, हा होता.

बालवाडीच्या बाई

चोवीस वर्षं सातपूरला तीन-चार वर्षांची मुलं सांभाळतेय. धागा गोधडीकडे गेला म्हणून मध्ये बोलते. जून महिन्यात दरवर्षी निदान दोन-तीन मुलं काहीतरी घेऊन येतात. ओढणीचा तुकडा, बाबांचा रुमाल, एकदा तर ब्लाउजची बाही. गणवेशाच्या नियमात ते बसत नाही आणि वरून विचारणा होते. मी तो तुकडा दप्तरात ठेवायला सांगते, पण टोक बाहेर ठेवून. मूल येता-जाता टोकाला हात लावतं आणि पुन्हा खेळायला जातं. दिवाळीपर्यंत टोक आत जातं. मी काहीच करत नाही, ते आपोआप जातं.

एक वर्ष मी नियम पाळला होता. एका मुलाचा रुमाल काढून कपाटात ठेवला. तो रडला नाही म्हणून मला वाटलं, जमलं. पण तो महिनाभर वर्गात कुणाशीच बोलला नाही. त्या मुलाची मी अजून मनोमन माफी मागते. पंचवटीकर, ‘नाही’ जरूर म्हणा. तोंडावर म्हणा, त्याच्या डोळ्यांदेखत. झोपेत काढून घेणं मला पुस्तकातसुद्धा आवडलं नाही. तिथे गोदाकाठच्या ताईंशी माझं पटत नाही.

गोदाकाठची आई

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोरीच्या पानात इतकी गुंतले की आधीच्या पानावरची चोरी दिसलीच नाही. मान्य.

पंचवटीकर

बाईंचं शेवटचं वाक्य पटलं, बाकीचं नाही. पुस्तक अजूनही आवडलेलं नाही, त्यात घर चालवणारं कुणीच दिसत नाही. पण मी ओढून काढला तेव्हा धाकटी म्हणाली होती, "सांगितलं असतं तर मीच काढला असता." ते मी परवा इथे लिहिलं नव्हतं. तेव्हा मला ती उद्धटपणे बोलतेय असं वाटलं होतं. तो फ्रॉक माळ्यावर आहे. टाकलेला नाही, एवढं लिहून ठेवतो.

जुनं नाशिक

वाकळीचा नवा धागा काढतो. सासूबाई, तिकडे या.

निफाडची माय

हे सगळं वाचून काल आईला फोन केला. म्हटलं, माझा एक फ्रॉक तू बोहारणीला दिला होतास, आठवतो का? पस्तीस वर्षं झाली. ती लगेच म्हणाली, "जांभळा. खिशाचा." मग थोडा वेळ दोघीही काही बोललो नाही. नंतर ती म्हणाली, "तू शाळेत होतीस म्हणून दिला. तू घरी असतीस तर देता आला नसता."