मदत हवी आहे: ‘ऑडिटर’साठी ‘ऐकणारा’ अर्थाचा जुना मराठी शब्द आहे का?

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळच्या आमच्या छोट्या देवस्थानाचा यंदा मी खजिनदार. परवा महाजनांच्या (म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या) सभेत जमाखर्च वाचत होतो. तेलवात, दक्षिणा, पालखीच्या दांड्याचं पॉलिश असं करत ‘ऑडिटर फी’वर आलो, तोच मागून एक मामा म्हणाले, “तो कितें करता रे?” हिशेब तपासतो, म्हटलं. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, मुळात अर्थ ‘ऐकणारा’. मामा खूश: “मागीर हांवूय ऑडिटर!” (मग मीही ऑडिटर!)

घरी येऊन शोधलं. मास्तर बरोबर होते. लॅटिनात ‘आउदिरे’ म्हणजे ऐकणं. मध्ययुगीन इंग्लंडात हिशेब मोठ्यानं वाचून दाखवत आणि ऑडिटर ते ऐकून पडताळत. ऑडिओ, ऑडिशन, ऑडिटोरियम त्याच घरचे.

त्याच क्रियापदाचं पोर्तुगीजात ‘ओव्हीर’ झालं, त्यावरून ‘ओव्हिदोर’. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात खटले ऐकणारा हा न्यायाधिकारी. रोममधल्या रोटा या चर्चच्या न्यायालयात न्यायाधीशांना अजून ऑडिटरच म्हणतात. हे आपल्याला चटकन कळतं, कारण खटल्याची आपणही ‘सुनावणी’च करतो.

हिशेबाची मात्र नाही. ‘लेखापरीक्षक’मध्ये ‘ईक्ष्’ धातू आहे, म्हणजे पाहणं. ‘प्रेक्षागृहा’तही तोच. ते ऑडिटोरियममध्ये ऐकायला जातात, आपण बघायला! (नाटकाचं ठीक आहे. पण आमच्या सभेला जमाखर्च बघायला कोणी चष्मा आणलेला मला तरी दिसला नाही. सगळे ऐकतातच, तेही ‘शिल्लक किती’ एवढंच.)

तर मोडी कागद वाचणाऱ्यांना विचारायचंय, हिशेब तपासण्यासाठी ‘ऐकणे’ अर्थाचा एखादा शब्द कुठे दिसलाय का? जुन्या राजवटीतला हिशेब बघणारा अधिकारी मुजुमदार आठवला, पण त्यात ‘मजमू’ म्हणजे एकूण बेरीज आहे, कान नाही. कोंकणीतला चालेल, गांवकारीच्या (गोव्यातल्या पारंपरिक ग्रामसंस्थेच्या) जुन्या वह्यांतला असेल तर उत्तमच.

आणि तोवर अहवालात काय छापू? माझं मत ‘हिशेब तपासनीस’. सचिवांना त्यात कदंबच्या बसमध्ये तिकिटं बघायला चढणारा माणूस दिसतो, त्यांना ‘लेखापरीक्षक’च हवा. शुक्रवारी मजकूर छापखान्यात द्यायचाय, तेव्हा जरा लवकर सांगा.