मदत हवी आहे : तुपाचा भाव वाढला की विक्री वाढते, असं रिग्रेशन का सांगतंय?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात आमची दुग्धजन्य पदार्थांची एजन्सी आहे. पनीर, लोणी, श्रीखंड सगळंच जातं, पण खरा आधार तुपाचा. कंपनीकडून किती पेट्या उचलायच्या हे बाबा ठरवतात. त्यांचा अंदाज पक्का असतो, पण तो त्यांच्या डोक्यात आहे. मला तो कागदावर हवा आहे, म्हणून रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीवर इतर गोष्टींचा किती परिणाम होतो हे आकडेवारीवरून मोजायची पद्धत, शिकायला घेतलं. शिक्षण बी.कॉम., संख्याशास्त्र तेवढंच. एक्सेलपासून सुरुवात केली, आता पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्टॅट्समॉडेल्स ही लायब्ररी वापरते.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एप्रिल २०२२ पासूनची आठवड्यावार विक्री काढली. विक्री आणि भाव, दोन्हींचे लॉग घेतले, म्हणजे भाव एक टक्का हलला तर विक्री किती टक्के हलते हे सहगुणकावरून (मॉडेलमध्ये भावापुढे येणाऱ्या आकड्यावरून) थेट वाचता येतं. जोडीला महिन्यांचे डमी (त्या महिन्यात १, एरवी ० असे स्तंभ) आणि स्कीम चालू होती की नाही याचा एक डमी. आर-स्क्वेअर (विक्रीतला किती चढउतार मॉडेल समजावतं) चांगला येतो, पी-व्हॅल्यूही (खरा परिणाम नसताना असा आकडा योगायोगानं येण्याची शक्यता) लहान. पण भावाचा सहगुणक धन येतो! तूप महाग केलं की जास्त खपतं, असा त्याचा अर्थ. यावरून मी बाबांना काय सांगणार?

दुसरी अडचण दिवाळीची. लक्ष्मीपूजन २०२२ला २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ला १२ नोव्हेंबरला, २०२४ला १ नोव्हेंबरला, २०२५ला परत २१ ऑक्टोबरला. फराळाची खरेदी त्यामुळे कधी या महिन्यात, कधी त्या. ऑक्टोबरच्या डमीला दर वर्षी वेगळंच काम करावं लागतं. २०२६ला तर अधिक ज्येष्ठ असल्यानं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला जातंय.

मॉडेल कसं सुधारू? आणि धंद्यापुरतं रिग्रेशन नीट यावं यासाठी आधी काय शिकू? ऑनलाइन कोर्समध्ये घरांच्या किमतींचा तयार डेटा देतात. त्यात भाव कोणी आणि का ठरवला हा प्रश्नच येत नाही.

प्रतिसाद १

तुमचा शेवटचा प्रश्न हाच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या डेटामधला भाव कोणी आणि का बदलला?

कंपनी सणाच्या तोंडावर, मागणी चढलेली असताना भाव वाढवते. म्हणजे मागणीच भावाला हलवते आहे. तुम्ही उलटी दिशा मोजायला गेलात आणि रिग्रेशननं दोन्ही दिशांची खिचडी वाढली. शिवाय तुमची विक्री म्हणजे दुकानदारांची उचल, घराघरातला खप नव्हे. भाव वाढणार अशी कुणकुण लागली की दुकानदार आधीच माल भरून ठेवतात. तेही धन चिन्हाकडेच ढकलतं.

हे कोडं जुनं आहे. फिलिप राइट या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९२८ साली, तेलं आणि स्निग्ध पदार्थांवरच्या आयातकराचा अभ्यास करताना, यावर मार्ग काढला. भावाला हलवेल पण ग्राहकाच्या मागणीला थेट शिवणार नाही अशी बाहेरची गोष्ट शोधायची आणि भावाच्या तेवढ्याच हालचालीचा परिणाम मोजायचा. त्यालाच आज इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतात.

तुमच्याकडे असा एक प्रसंग घडलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. कंपनीनं कपात पूर्ण पुढे दिली असेल तर ११२चा माल १०५ला, म्हणजे सव्वासहा टक्के स्वस्त. हा भाव मागणी पाहून बदललेला नाही.

धागाकर्ती

हे मनापासून पटलं! पण २२ सप्टेंबरलाच घटस्थापना होती. वाढ करामुळे की नवरात्रामुळे, हे कसं वेगळं काढू?

प्रतिसाद १

अगदी योग्य शंका. म्हणूनच दिवाळी आधी सोडवा. महिन्यांचे डमी सणांच्या काळापुरते बाजूला ठेवा आणि ‘लक्ष्मीपूजनाला उरलेले आठवडे’ असे स्तंभ करा : तीन आठवडे आधी, दोन, एक, तोच आठवडा, नंतरचा. गणपती आणि घटस्थापनेचंही तसंच. अधिक मासाची अडचण यातच सुटते.

मग २०२५चं नवरात्र आधीच्या वर्षांच्या नवरात्राशी ताडून पाहा. मात्र ३ सप्टेंबरला करकपातीचा निर्णय झाल्यावर अनेक दुकानदारांनी जुन्या दराचा माल घेणं थांबवलं असेल. तेवढे आठवडे आणि कपातीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे वेगळ्या डमीत टाका, नाहीतर दबलेली उचल एकदम बाहेर आली ती तुम्हाला स्वस्ताईचा परिणाम वाटेल. एकाच प्रसंगावरून लवचीकतेचा, म्हणजे भाव एक टक्का हलला तर विक्री किती टक्के हलते याचा, नेमका आकडा मिळणार नाही. चिन्ह आणि ढोबळ पल्ला कळला तरी बाबांशी बोलायला पुरेसं आहे.

प्रतिसाद २

वरच्याला जोडून. तुमच्या तक्त्यात ओळी दोनशेच्या आसपास असल्या तरी दिवाळ्या चारच आहेत. दिवाळीबद्दलचा तुमचा पुरावा चार नोंदींचा, म्हणून एक आकडा न देता पल्ला द्या. तूप टिकतं, जास्त उचललं तर फक्त भांडवल अडकतं. श्रीखंड उरलं तर फेकावं लागतं. तुपासाठी पल्ल्याच्या वरच्या टोकाकडे आणि श्रीखंडासाठी खालच्या टोकाकडे झुकावं. सरासरीऐवजी पल्ल्याचं असं ठरावीक टोक काढणारं क्वांटाइल रिग्रेशन याच कामाचं आहे.

माल संपलेले आठवडेही शोधा. तिथे विक्री शून्य दिसते, मागणी शून्य नसते.

शिकण्याबद्दल : आधी आलेख. फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञानं १९७३मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चौघांची रेषा एकच, आर-स्क्वेअर ०.६७, आणि चित्रं पूर्ण निराळी. ते हातानं काढून पाहा. मग रेसिड्युअल, म्हणजे खरी विक्री आणि मॉडेलचा अंदाज यांतले फरक, आठवड्यांच्या क्रमानं मांडा. सलग काही आठवडे सगळे एकाच बाजूला पडले तर तुमच्या पी-व्हॅल्यूवर विसंबू नका. चाचणीसाठी डेटा पिसू नका, शेवटचं वर्ष अख्खं झाकून ठेवा. मशीन लर्निंगची घाई आत्ता नको, या प्रश्नाला ते लागणारही नाही.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. माल संपल्याची नोंद टॅलीत नाही, पण गोदामाच्या वहीत बाबा रोजची शिल्लक लिहितात. त्या वहीवरून तसे आठवडे काढते आणि सणांचे स्तंभ करून नवा आलेख इथेच टाकते. एक विचारायचं राहिलं : ज्या आठवड्यात माल बुधवारीच संपला, तो आठवडा गाळायचा, की तीन दिवसांच्या विक्रीवरून अख्ख्या आठवड्याची मागणी काढायची?

प्रतिसाद २

सणाचा आठवडा असेल तर गाळू नका, तुमच्याकडे तसे आठवडे मोजकेच आहेत. तीन दिवसांना सरळ दुप्पटही करू नका. माल पुरला अशा आठवड्यांत बुधवारपर्यंत किती टक्के विक्री होते ते वहीतून काढा आणि त्या प्रमाणात वाढवा. साध्या आठवड्यांपैकी एखादा गाळला तर चालेल.