टोप्या भिंतीवर कशा ठेवता? अनुभव सांगा

घरातल्या सगळ्या टोप्या काल चादरीवर मांडल्या. चौघांच्या मिळून २२ निघाल्या! नवऱ्याच्या कॅप्स, मुलीच्या दोन गवती हॅट, लोकरीच्या कानटोप्या आणि माझ्या वडिलांची करडी फेल्ट हॅट. कपाटात जागा नाही, म्हणून दाराशेजारच्या भिंतीवर काहीतरी लावायचंय. खुंट्या, फळी, चिकटवायचे हुक असं बरंच बघितलं, पण वर्षभर वापरल्यावर काय टिकतं ते वापरणाऱ्यालाच ठाऊक. काय लावलंत आणि काय काढून टाकलंत, दोन्ही लिहा. वडिलांच्या हॅटची जास्त काळजी आहे.

*

फेल्टची हॅट बारीक हुकावर अजिबात टांगू नका. माझी दोन वर्षं लोखंडी हुकावर होती. उतरवली तेव्हा माथ्याला आतून बोट खुपसल्यासारखं टेंगूळ आलेलं. किटलीच्या वाफेवर धरली, नरम झाल्यावर बोटांनी हळूहळू दाबत बसवली. बरंचसं गेलं, पण तिरपा उजेड पडला की खूण अजून दिसते. फेल्ट विणलेलं नसतं; लोकरीचे किंवा केसांचे तंतू ओल, ऊब आणि दाब देऊन एकमेकांत गुंतवलेले असतात. वाफेने ते वळतं, तसंच खाली सतत टोचणाऱ्या वस्तूचाही आकार धरतं.

आता फळी लावली आहे. हॅट उलटी, माथ्यावर टेकवून ठेवते, कारण काठावर बसवली की काठाचा बाक जातो. उलट्या हॅटमध्ये धूळ साठते, म्हणून वर मलमलीचा तुकडा टाकते. आणि लोकर आहे तिथे कसर लागते, तेव्हा महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवायचा, आतल्या पट्टीखालीसुद्धा.

*

मी सुतारकाम करतो. लोक खुंट्या आधी ठोकतात आणि टोपी नंतर अडकवून बघतात. उलटं करा. ५८ सेंमी घेराच्या हॅटचा डोक्याचा भाग साधारण १८-१९ सेंमी रुंद. दोन्ही बाजूंना ७-७ सेंमी काठ धरला की ३२-३३ झाले. म्हणजे दोन खुंट्यांत ३५ सेंमी तरी हवेत, नाहीतर काठावर काठ चढतो आणि वाकतो. कॅप्सना २० पुरतात. खुंटीचं टोक गोल आणि जाड घ्या, ५-६ सेंमीचं बोंड असलं तर उत्तम, भार पसरतो.

टोपीला वजन नसतं हे खरं, पण रिकामी खुंटी दिसली की कोणीतरी त्यावर भरलेली पिशवी अडकवतंच. म्हणून विटांच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी घाला, मगच स्क्रू. जिप्समच्या भिंतीला पोकळ भिंतीसाठीची वेगळी गिट्टी लागते, साधी निसटते.

*

भाड्याचं घर, भोकं पाडायला परवानगी नाही, म्हणून आठ चिकटवायचे हुक लावले. हात फिरवला की पांढरी भुकटी लागणारा रंग होता. तिसऱ्या रात्री धप्पकन आवाज! पाच हुक खाली, सोबत रंगाचे पोपडे. नंतर तेच हुक कपाटाच्या गुळगुळीत दारावर आतून लावले, आधी स्पिरिटने पुसून. एकही पडला नाही. भिंतीवर आधी हात फिरवून बघा, एवढंच सांगेन.

*

कॅप्ससाठी उभी पट्टी आणि चिमटे लावले होते. एकाखाली एक बारा कॅप्स, मागच्या पट्ट्याला धरून. दिसायला फार सुंदर, पण वर्षभर घातल्या त्या हाताला येणाऱ्या चारच. वरच्यांच्या चोचीवर धुळीचा थर. आता आडवी दांडी आहे, खांद्याच्या उंचीला. रोजच्या टोप्या तेवढ्या भिंतीवर, बाकीच्या खोक्यात.

*

आम्ही बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर खुंट्या लावल्या, ती चूक झाली. ओल बाहेरून दिसत नव्हती, पण टोप्यांच्या भिंतीकडच्या बाजूला हिरवट-काळी बुरशी धरली. एक कानटोपी टाकून द्यावी लागली, जीव हळहळला. आता दुसऱ्या भिंतीवर आहेत आणि मागे बोटभर पट्टी ठोकली आहे, हवा खेळावी म्हणून.

गवती हॅट उन्हाच्या कवडशात नको. माझी एका बाजूने फिकट पडली, आणि तिथलंच गवत कडक होऊन तुटायला लागलं. उचलतानाही माथ्याला चिमटीत धरू नका, घडीवर तडा जातो. काठाला दोन्ही हातांनी धरा.

*

लहान मुलं असतील तर एक ओळ त्यांच्या खांद्याच्या उंचीला लावा. आमच्याकडे तेवढ्यानेच जमिनीवरच्या टोप्या संपल्या.

*

मनापासून आभार! दाराशेजारची भिंत बाथरूमचीच आहे, ते लक्षातच आलं नव्हतं. समोरची घेतेय. मुलीच्या खांद्यापाशी पेन्सिलने रेघ मारली. वडिलांच्या हॅटचा काठ साडेसहा सेंमी भरला, तेव्हा तिच्यासाठी खुंटी नाही, फळीच, ३५ सेंमी खोल.