‘बॉर्डर’ने लोंगेवालाचे जवान उगाच मारले का?

वाळूचा किल्ला

युद्धपट निघाला की दोन दिवसांत चुकांची यादी येते. बिल्ला चुकीच्या खांद्यावर, रायफल पुढच्या सालातली, रणगाडा भलत्याच बनावटीचा. असल्या याद्यांचा मला कंटाळा आहे. निर्मात्याला मिळाला तो रणगाडा त्याने वापरला, विषय संपला. गाण्यांबद्दलही माझं काही म्हणणं नाही. १९९७च्या ‘बॉर्डर’ चित्रपटाबद्दल माझी तक्रार एका आकड्यापुरती आहे.

ज्यांना लढाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ४ डिसेंबर १९७१ची रात्र, जैसलमेर जिल्ह्यातली लोंगेवाला चौकी. तिथे २३ पंजाब या पलटणीची एक कंपनी, म्हणजे साधारण १२० जवान, आणि सीमा सुरक्षा दलाचे मोजके लोक उंटांसह. कंपनी कमांडर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोरून चाळीसच्या वर रणगाडे आणि दोन हजारांच्या आसपास सैन्य. चांदपुरींना वरून पर्याय दिला होता: थांबा, नाहीतर रामगढकडे मागे या. गाड्या नव्हत्या, म्हणजे मागे जायचं तर पायी, उघड्या वाळवंटात, पाठीवर रणगाडे घेऊन. ते थांबले. सकाळी उजेड झाल्यावर हवाई दलाची हंटर विमानं आली आणि पाकिस्तानी रणगाड्यांचा फडशा पडला. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं.

आता आकडा. त्या रात्री आपले किती जवान गेले? दोन.

चित्रपटाच्या शेवटाकडे या. एकेक ओळखीचा चेहरा पडत जातो. लेफ्टनंट धरमवीर मरतो. सीमा सुरक्षा दलाचा भैरोसिंग सुरुंग घेऊन रणगाड्यावर झेपावतो आणि मरतो. खरे धरमवीर त्या रात्री गस्तीवर होते, रणगाड्यांची घरघर त्यांच्याच तुकडीने ऐकली आणि ते सुखरूप परतले. खरे भैरोसिंग राठोड यांना सेना पदक मिळालं. १९९७ साली थिएटरात लोक त्यांच्या मरणावर रडत होते, तेव्हा ते राजस्थानात आपल्या गावी होते. २०२२च्या डिसेंबरात वारले.

कंपनी कमांडरचं कसब कशात होतं? उंचवट्यावरची जागा धरणं, गोळी राखून ठेवणं, शत्रू अगदी जवळ येईपर्यंत दम धरणं. त्याचा परिणाम म्हणजे सकाळी जवळजवळ सगळी कंपनी उभी होती. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून दिग्दर्शकाने ती कंपनी कापून काढली. म्हणजे चांदपुरींचं कर्तृत्व वाढवायला निघाले आणि नेमकं तेच पुसलं. ही चूक मला बिल्ल्याच्या चुकीपेक्षा फार मोठी वाटते.

अनघा_क

पूर्ण असहमत. दोन हा आकडा ५ तारखेच्या सकाळचा आहे. रात्री साडेबाराला तोफा सुरू झाल्या तेव्हा तो कुणाला ठाऊक होता? खंदकात बसलेल्या प्रत्येकाने धरून चाललं असणार की आपण उद्याचा सूर्य बघत नाही. चित्रपटाला ती रात्र दाखवायची आहे, सकाळचा अहवाल नाही. खुर्चीत पॉपकॉर्न घेऊन बसलेल्या माणसाला ती भीती कशी कळणार? त्याला जीव लावलेलं माणूस त्याच्यासमोर गेलं तरच. पात्रं मारली म्हणून त्या रात्रीचं वजन प्रेक्षकापर्यंत पोचलं. सगळे वाचले असं दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, मग एवढं काय त्यात?

वाळूचा किल्ला

‘मग एवढं काय त्यात’ हीच मनोवृत्ती तर चित्रपटाने पोसली. मेल्याशिवाय शौर्य नाही. माणूस वाचला तर त्याची गोष्ट सांगण्याजोगी नाही!

आणि भीती दाखवायला प्रेत लागतं असं मला वाटत नाही. लोंगेवालात भीतीचं सामान भरपूर होतं. रणगाडे पुढे आले, काटेरी तार दिसली, पुढे सुरुंग पेरलेत असं समजून थबकले. सुरुंगक्षेत्र नव्हतंच. घाईघाईने पेरलेले थोडे सुरुंग, बस्स. तास-दोन तास ते अंधारात तसेच इंजिनं चालू ठेवून उभे, आणि इकडे चांदपुरींची माणसं घड्याळ बघतायत की उजाडतंय कधी. यापेक्षा ताणलेला प्रसंग कुठला पटकथाकार रचणार आहे? तो आयता मिळाला होता.

सदाशिव पेठेबाहेरचा

किल्ला साहेब, तुमचं मोजमाप लावायचं तर पोवाडे बंद करावे लागतील. सिंहगडावर घोरपड चढवली ती कुठल्या अस्सल कागदात आहे? तरी साडेतीनशे वर्षं आपण ती ऐकतोय आणि अंगावर काटा येतोय. चित्रपट म्हणजे आजचा पोवाडा. त्याला पुराव्याच्या चिमट्यात धरू नका.

वाळूचा किल्ला

घोरपड घ्या की, दहा घ्या. पण शाहीर तान्हाजी पडला म्हणतो, कारण १६७० साली तो पडला. सूर्याजी जगला, त्याने गड घेतला. रंगत वाढावी म्हणून सूर्याजीलाही कड्यावरून ढकलून देणारा शाहीर मला दाखवा. पोवाड्यालासुद्धा एवढी चाड असते.

सदाशिव पेठेबाहेरचा

हा टोला चांगला होता. मत तेच आहे. :)

हँगर नंबर तीन

निवृत्त, हवाई दल, तांत्रिक शाखा. जवान किती मेले यावर तुम्ही भांडताय, पण रणगाडे कोणी मारले याबद्दल कुणी बोलत नाही. अडीच-तीन तासांच्या चित्रपटात लढाईचा बहुतेक भाग रात्रीचा आणि जमिनीवरचा. विमानं शेवटी येतात, आरती संपल्यावर प्रसाद वाटायला आल्यासारखी.

प्रत्यक्षात हंटरमध्ये रात्री लढण्याची सोयच नव्हती, म्हणून पहाटेपर्यंत थांबणं भाग होतं. त्यानंतर जैसलमेरहून मोजकीच विमानं आलटूनपालटून उडत राहिली, रॉकेटं आणि ३० मिलिमीटरच्या तोफा घेऊन. शिवाय मेजर आत्मासिंग हे ‘कृषक’ नावाच्या छोट्या विमानातून खालची लक्ष्यं दाखवत होते. वाळवंटात रणगाड्याला लपायला झाड नाही, भिंत नाही. तो हलला की धूळ उडते, माग उमटतो. हवाई छायाचित्रांत ते माग स्पष्ट दिसतात: विमान चुकवायला रणगाड्यांनी वाळूत घेतलेली वेडीवाकडी वर्तुळं. पाकिस्तानचे तीसहून अधिक रणगाडे नष्ट झाले किंवा टाकून दिले गेले, त्यातले बहुतेक उजेडात. दिग्दर्शक जे. पी. दत्ता यांचे स्वतःचे भाऊ हवाई दलात वैमानिक होते, म्हणून तर जास्तच खटकतं.

ऐतिहासिक सत्य तपासायचं तर श्रेय कुणाच्या पदरात पडलं ते आधी तपासा.

तेवीस नंबरची गाडी

श्रेयाचा वाद इथे नवा नाही. हवाई दलाचे निवृत्त एअर मार्शल बावा आणि वर उल्लेख झालेले आत्मासिंग यांनी पुढे जाहीरपणे म्हटलं की जमिनीवर खरी लढाई झालीच नाही, सगळं विमानांनी केलं. चांदपुरींनी त्यावर बदनामीचा दावा लावला. भरपाई किती मागितली? एक रुपया.

हँगर साहेबांना माझा एकच प्रश्न. ती कंपनी रात्रीच रामगढची वाट धरून निघून गेली असती, तर सकाळी विमानांना काय दिसलं असतं? लोंगेवालापाशी अडकून पडलेले रणगाडे दिसले नसते. रामगढ-जैसलमेरच्या दिशेने सरकणारा ताफा दिसला असता, आणि जैसलमेरला तर तीच विमानं उभी होती. चौकीने रात्र खाल्ली. विमानांनी दिवस खाल्ला. रात्री लष्कराने दोन रणगाडे उडवले की बारा, याने त्यात काही फरक पडत नाही.

हँगर नंबर तीन

रात्र त्यांनी धरली, हे मी नाकारलेलंच नाही. पण मग चित्रपटात तेच दाखवा ना, धरून ठेवणं. तिथे आपले जवान खंदकाबाहेर धावत जाऊन रणगाडे आडवे करतात, हातघाईची लढाई करतात. इतकं सगळं रात्रीच उरकलं तर सकाळी हंटर कशाला आली, हा प्रश्न कुठल्याही शाळकरी पोराला पडेल.

वाळूचा किल्ला

इथे हँगर साहेब आणि मी एकाच खंदकात आहोत. शेवटची धुमश्चक्री लोंगेवालाची नाहीच. ती चीनविरुद्धच्या युद्धातल्या, लडाखमधल्या रेझांग लाची आहे. १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतानसिंग, तेही साधारण १२० जवान. त्यांच्यातले शंभराहून अधिक जागच्या जागी गेले. आपल्या मनात ‘शेवटच्या गोळीपर्यंत’चं चित्र तिथून आलंय. सारखीच संख्या, उलट निकाल. रेझांग लाचा शेवट उचलून लोंगेवालाला चिकटवला की दोन्ही लढाया खोट्या पडतात. रेझांग लाचे जवान खरोखर मेले, त्यांचं मरण असं सुट्या भागासारखं दुसरीकडे बसवायचं नसतं.

अनघा_क

रेझांग लाचा मुद्दा जोरदार आहे, पण दिग्दर्शकाच्या डोक्यात तेच होतं हे तुम्ही कशावरून म्हणताय? हा तुमचा तर्क. आणि एक व्यावहारिक गोष्ट. हा चित्रपट आला नसता तर आपल्यापैकी किती जणांना लोंगेवाला नकाशावर दाखवता आलं असतं? आज तिथे स्मारक आहे, पाकिस्तानी रणगाडे मांडून ठेवलेत, जैसलमेरला जाणारी प्रत्येक सहल तनोटच्या देवळाबरोबर लोंगेवाला करते. भैरोसिंग राठोड गेले तेव्हा देशभर बातमी आली, ती कशी आली? ‘बॉर्डरमधले खरे भैरोसिंग’ म्हणून. चित्रपटाने त्यांना पडद्यावर मारलं आणि बाहेर नाव दिलं. सौदा तितका वाईट नाही.

मिरजेची मिरची

मला हा सौदा अजिबात पटत नाही. विचार करा, तुमच्या वडिलांचं नाव, त्यांचं दल, त्यांची चौकी, सगळं खरं घेतलं आणि त्यांना मारून टाकलं. पुढची पंचवीस वर्षं भेटणारा प्रत्येक माणूस आधी दचकणार. काल्पनिक पात्र मारा, कोण अडवतंय? नाव बदलता येत होतं. हवाई दलाच्या त्या अधिकाऱ्याचं आडनाव बावाचं बाजवा केलंच की नाही? म्हणजे नाव बदलायची युक्ती यांना ठाऊक होती. ज्याला जिवंत ठेवलं त्याचं बदललं आणि ज्याला मारलं त्याचं खरं ठेवलं. उलटं करायला हवं होतं.

पोस्टातला पोस्टया

शत्रूबद्दल कुणी बोलणार आहे का? पडद्यावरचा पाकिस्तानी अधिकारी म्हणजे ओरडणारा बैल. खरी गोष्ट जास्त बोलकी आहे. हमूदुर रहमान आयोग हा १९७१च्या पराभवाची चौकशी करणारा त्यांचाच आयोग. त्याने १८व्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल मुस्तफा यांच्यावर खटला चालवावा अशी शिफारस केली. कारण काय, तर रामगढची मोहीम लष्करीदृष्ट्या चुकीची, ढिसाळ आखलेली आणि तिच्यापायी वाळवंटात वाहनांचं आणि सामग्रीचं अतोनात नुकसान. विमानांचं छत्र नसताना रणगाडे वाळूत घातले. त्यांचे रणगाडे वाळूत रुतले ते त्यांच्या वरिष्ठांच्या आखणीमुळे, जवान भित्रे होते म्हणून नाही. शत्रू मूर्ख दाखवला की आपलाच विजय स्वस्त होतो, हे आपल्या युद्धपटवाल्यांना कधी कळणार देव जाणे.

तेवीस नंबरची गाडी

हे शंभर टक्के. आणि पाकिस्तानी बाजू नीट दाखवली असती तर चांदपुरींचा थांबण्याचा निर्णयही नीट कळला असता. समोरचा चुकेल याची त्यांना खात्री नव्हती. त्याला चुका करायला वेळ मिळावा एवढीच तजवीज त्यांनी केली.

अनघा_क

ठीक, मग मागणी नेमकी काय आहे ते सांगा. प्रत्येक युद्धपटाआधी इतिहासकारांची समिती? आपल्याकडे समित्या काय करतात हे ठाऊक आहे. त्या आकडा तपासणार नाहीत, कुणाच्या भावना दुखावल्या ते तपासतील. मग ना खरी लढाई राहील, ना चित्रपट.

वाळूचा किल्ला

समिती नकोच. मला फक्त शेवटी, नामावळीच्या आधी, दहा सेकंदांची पाटी हवी आहे. या रात्री किती गेले, कोण गेले, पडद्यावर मेलेल्यांपैकी कोण जिवंत आहे. सुरुवातीला ‘सत्य घटनेवर आधारित’ लिहायला जागा असते, तर शेवटी एवढ्यालाही असावी. जे दोघं खरंच गेले त्यांची नावं चित्रपट बघून बाहेर पडलेल्या किती लोकांना सांगता येतील?

अनघा_क

दिवे लागले की लोक पार्किंगकडे पळतात. पाटी वाचायला तुम्ही आणि हँगर साहेब दोघंच उराल.

हँगर नंबर तीन

चालेल. त्या पाटीवर विमानांच्या फेऱ्याही लिहा.