जाणाऱ्या माणसाला खरं सांगितलंत का? अनुभव लिहा

विषय जड आहे, तरी लिहाच. आपण माणूस 'मेला' असं म्हणत नाही, गेला, वारला, सुटला, अगदी 'ऑफ झाला' सुद्धा म्हणतो, मग जो जाणार आहे त्याच्याशी बोलणार कसे? सासऱ्यांना कॅन्सर आहे हे आम्ही सहा महिने लपवलं, फाईल कपाटात साड्यांखाली. ते गेल्यावर त्यांच्या डायरीत सगळ्या गोळ्यांची नावं आणि कुठली कशासाठी ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं सापडलं. म्हणजे तेही आमच्यापासून लपवत होते!

*

आम्ही सांगितलं. बाबा 'बरं' म्हणाले आणि लाईटबिल कोणाच्या नावावर करायचं ते बोलायला लागले. बस, एवढंच.

*

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करायच्या विभागात, नर्स आहे. शेवटच्या एक-दोन दिवसांत घशात घरघर होते, श्वास मधेच थांबतो, १५-२० सेकंद काहीच नाही, मग परत सुरू. नातेवाईक घाबरतात, गुदमरतायत म्हणतात, पण गिळता येत नाही म्हणून लाळ साचलेली असते, बहुतेक वेळा पेशंटला त्याचा त्रास जाणवत नसतो, कुशीवर वळवलं तरी आवाज कमी होतो. आणि 'खात नाहीत, भरवा' हे तर रोजचंच. अहो, शरीर मिटत चाललंय म्हणून भूक गेलीय, उलटं नाही. ओठ ओल्या कापसाने टिपत राहा. सिसिली सॉन्डर्सनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारी जागा) सुरू केलं, त्या आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झालेल्या, त्यामुळे दुखणं नुसतं शरीराचं नसतं हे त्यांना दिसलं असावं. आमच्याकडे निम्मे पेशंट रात्रीच विचारतात, 'किती दिवस?' घरचे झोपल्यावर.

*

आई गेल्यावर जो तो मला दुःखाच्या 'पाच स्टेजेस' ऐकवायचा, आता राग, मग स्वीकार, टाइमटेबल असल्यासारखं. कुबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. मला राग वगैरे आलाच नाही, तिचा नंबर तेवढा डिलीट होत नाही.

*

इंडोनेशियात सुलावेसी बेटावर तोराजा लोक माणूस गेला तरी मोठा अंत्यविधी होईपर्यंत त्याला आजारीच धरतात, घरात ठेवतात, कधी महिने, कधी वर्षंसुद्धा, त्याच्याशी बोलतात. वाचून आधी कसंतरीच झालं. मग आठवलं, भाऊ गेला तेव्हा चार तासांत सगळं 'उरकलं' (शब्द बघा), मला फक्त त्याचा घसरलेला मोजा वर ओढता आला.

*

नर्सताई, ते ओठांचं आधी कळायला हवं होतं. आम्ही चमच्याने पाणी घालत होतो आणि त्यांना ठसका लागायचा.