पेस्ट ठीक असेल तर पॉवर लिमिट बघा
रेंडर लावला की आय७ १२७०० प्रोसेसर १०० अंशांवर का जातो, असं तुम्ही विचारलंय. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट परत लावा, कूलरखालचं प्लास्टिक काढलंय का बघा, हे वर इतरांनी सांगितलंय ते बरोबरच, पण ती गडबड असती तर नुसतं बायोस (पीसी सुरू होतानाचा सेटिंगचा मेनू) उघडून बसलं तरी तापमान चढत गेलं असतं. तुमचं एरवी ४० आणि रेंडर लावला की थेट १००, म्हणजे मला तरी पॉवर लिमिटचाच, म्हणजे प्रोसेसरने किती वीज खेचावी त्या मर्यादेचाच, संशय येतोय. आय७ १२७०० ला इंटेलने बेस ६५ वॉट आणि टर्बोला (पूर्ण जोरात चालताना) १८० वॉट दिलेत, पण बरेच मदरबोर्ड ही मर्यादा आपणहून काढून टाकतात, आणि बॉक्समधल्या छोट्या कूलरला ते सतत झेपणं शक्यच नाही. बायोसमध्ये पीएल१ (सतत चालतानाची पॉवर लिमिट) ६५ वॉटवर आणून बघा, भाच्याच्या पीसीला हेच केलं, रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो पण गेममध्ये फरक कळतसुद्धा नाही. पूर्ण वेग हवाच असेल तर मात्र चांगला टॉवर कूलर घ्या, आधी कॅबिनेटमध्ये उंची मावते का ते मोजून.